फायरप्लेसची लाकडं

परभणीत राहणाऱ्या माणसाने दिवाणखान्यात फायरप्लेस बांधावी का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे आणि मी तो बांधून सोडवला. उन्हाळ्यात आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं हे मला मान्य आहे. पण थंडीत मराठवाड्याचा पारा घसरला की पेपरात पहिलं नाव परभणीचं येतं, आणि जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने या गोष्टीची घरात काहीतरी दखल घ्यायला नको का? मनालीच्या एका हॉटेलात मी तसली भिंतीतली शेकोटी पाहिली होती. तिच्यासमोर पाय पसरून बसल्यावर मला पहिल्यांदा निवृत्त झाल्यासारखं वाटलं होतं.

भिंतीत कोनाडा पाडून झाल्यावर गवंड्याने विचारलं, "सर, कोणता देव बसवायचा?" मी म्हटलं, देव नाही, विस्तव. तो म्हणाला, "मंग सैपाक हितंच करायचा का?" स्वयंपाक करायचा नाही म्हटल्यावर त्याने थापी खाली ठेवली आणि "मंग पेटवायचं कामून?" असं शांतपणे विचारलं. अशिक्षित माणसाच्या तोंडी लागू नये म्हणून मी विषय बदलला. उत्तर मलाही येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरात या प्रकल्पाचं स्वागत कसं झालं ते थोडक्यात सांगतो. माझी पत्नी सविता म्हणाली, "धुरानं माझ्या मायचे डोळे बिघडले म्हणून माहेरची चूल काढून गॅस बसवला, आन् तुमी गॅस असलेल्या घरात चूल आणायलाव." तिची माय, म्हणजे माझ्या सासूबाई केशरबाई, दिवाळीपासून आमच्याकडेच होत्या. चारठाणा गावच्या. मी त्यांना मामी म्हणतो. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मामी आमच्याकडे आल्यापासून कुणाला काहीच म्हणत नव्हत्या. सकाळी ओट्यावर उन्हात बसायच्या, ऊन सरकलं की त्याच्या मागोमाग सरकायच्या, आणि जेवायला हाक मारली की "आता कशाला" म्हणत उठायच्या.

तर लाकडं. लाकडं आणणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना शेजारी नसावेत. मला दोन आहेत. उजवीकडे भगवानराव, पूर्णा जंक्शनवर रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. जन्म गाड्यांच्या आवाजात गेल्यामुळे ते कानगोष्टसुद्धा तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी करतात. डावीकडे सिद्धोधन, एका सरकारी कचेरीत आहेत आणि कुठलीही गोष्ट कागदाशिवाय घडू शकते यावर त्यांचा विश्वास नाही. भगवानराव म्हणाले बाभूळच घ्या. सिद्धोधन म्हणाले, "कोणतंबी घ्या सर, पण वाहतुकीचा कागद घ्या. नाक्यावर धरलं तर लाकूड बी जातं आन् इज्जत बी."

मी वनखात्याच्या कचेरीत कागद आणायला गेलो. खिडकीवरच्या माणसाने लाकूड कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं, फायरप्लेसला. "वीटभट्टी का?" नाही. "हॉटेल?" नाही. "मयत?" नाही हो. मग चौथं काहीच नसतं, असं त्याने मला सांगितलं आणि जेवण करून या म्हणाला. मी जेवून गेलो तर तो जेवायला गेला होता. शेवटी वैतागून मी तसाच पिंगळीला गेलो. तिथे बालाजी नावाच्या शेतकऱ्याने बांधावरच्या वाळलेल्या बाभळी तोडल्या होत्या. लाकडं कशाला ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, मागे ट्रॉलीभर लाकडं घेऊन मी परभणीकडे निघालो.

नाक्यावर एका खाकी शर्टवाल्याने हात केला आणि कागद मागितला. मी घसा साफ करून मराठवाड्याच्या हवामानापासून सुरुवात करणार होतो, तेवढ्यात बालाजीने तोंड पाडून सांगितलं, "साहेब, सरांच्या घरी मयत झालीय. लोक खोळंबलेत." त्या भल्या माणसाने टोपी काढली. मला हळूच विचारलं, "कोण होतं सर?" आता या क्षणी खरं बोलणं शक्य होतं. वाक्यही साधं होतं. पण त्यात फायरप्लेस हा शब्द येत होता, आणि टोपी काढून उभ्या असलेल्या माणसासमोर तो काही माझ्या तोंडातून निघेना. "जवळचंच," एवढं म्हणून मी मान खाली घातली. त्याने स्वतः नाक्याची आडवी दोरी सोडली आणि आम्ही जाईपर्यंत तो हात जोडून उभा राहिला. मला लाज वाटली, पण ट्रॅक्टर पुढे गेल्यावर वाटली, म्हणजे काही उपयोगाची नाही अशी.

घरासमोर लाकडं उतरवताना मी बालाजीला पाणी आणायला आत गेलो. मामी ओट्यावरच होत्या. जाताना बालाजी मला म्हणाला, "त्या मावशी लय खूश झाल्या सर." मला बरं वाटलं. या घरात निदान एका माणसाला माझी कल्पना पटली, असं मी समजलो.

लाकडं रचण्यात पुढचे काही दिवस गेले. भगवानरावांनी खाली विटा मांडायला लावल्या, रुळांखाली स्लीपर टाकतात तशी आडवी-उभी रांग धरायला लावली आणि स्वतः कठड्यावर बसून "डावीकडं घ्या, डावीकडं, अजून" अशा सूचना केल्या. सिद्धोधन म्हणाले भिंतीला टेकवून रचाल तर वाळवी लागेल. मी ढीग भिंतीपासून लांब घेतला, तर तो रचून होतो न होतो तोच कलंडला आणि माझ्या स्कूटरवर पडला. आरसा गेला, दिवा गेला. भगवानराव म्हणाले, "म्या म्हणलंच होतं." त्यांनी काय म्हटलं होतं ते मला अजून आठवत नाही.

दुसऱ्यांदा रचायला घेतलं तेव्हा मामी स्वतः उठून आल्या. पदर खोचून ढिगापाशी उभ्या राहिल्या. प्रत्येक लाकूड हातात घेऊन बघायच्या, साल ओली असली तर उन्हाकडे ठेवायला सांगायच्या, बारीक फाटे वेगळे काढायच्या. रचून झाल्यावर मी वर पत्रा टाकला, तर म्हणाल्या, "जावईबापू, कडंनं बी काही लावा, दव लागतंय." मी कडेने पोती लावली. त्या संध्याकाळी त्यांनी सविताला सांगून माझ्या भाकरीवर लोणी घालायला लावलं, आणि मी नको म्हणत असताना स्वतःच्या हाताने वाढलं. इतक्या वर्षांत सासूने माझ्या कुठल्या गोष्टीचं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी भूगोल शिकवायचो हेही त्यांना नीट माहीत नसावं.

खरं काय ते दोन दिवसांनी कळलं. मी आत पेपर वाचत होतो आणि मामी ओट्यावरून चारठाण्याच्या त्यांच्या शेजारणीला, सुलाबाईला, फोन लावून बोलत होत्या. फोनवर लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं असं त्यांचं मत आहे.

"सुलाबाई, आता मला कशाची फिकीर न्हाई बघ. जावयानं माझ्या सरणाची लाकडं आणून ठेवली. व्हय, आत्ताच. रचली, वरून पत्रा घातला, कडंनं पोती लावली. म्या त्या ट्रॅक्टरवाल्याला इचारलं, कशाची रं बाबा, तर म्हणला, मयतीची, मावशी. म्या म्हणलं कोण मेलं, तर म्हणला, अजून कुणी न्हाई, सरांनी आदुगरच आणून ठिवली. मंग म्या समजले. मी मूठभर म्हातारी, एवढी कशाला लागतेत? पर जीव लावणारा माणूस हाय."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे खेड्यात जुन्या माणसांची पद्धत आहे, आपल्या सरणाची लाकडं आपण जिवंत असतानाच जमवून ठेवायची. पावसाळ्यात माणूस गेलं तर कोरडं लाकूड मिळत नाही, घरच्यांची धावपळ होते, ओल्या लाकडावर दहन नीट होत नाही. मामींनी शेतातून येता-जाता एकेक लाकूड आणून गोठ्याच्या माळवदाखाली अशीच रास लावली होती. त्यांचा मुलगा नागनाथ याने गेल्या उन्हाळ्यात पोरीच्या लग्नाच्या पंगतीला भट्टीखाली ती सगळी जाळली. विचारलंसुद्धा नाही. मामी त्यावर भांडल्या नाहीत. दिवाळीला सविता न्यायला गेली तेव्हा पिशवी भरून आल्या आणि परत जायचं नाव काढलं नाही, एवढंच.

"मी सांगतो त्यांना," मी सविताला म्हटलं.

"सांगा. तुमीच सांगा," सविता म्हणाली. "माझ्यानं व्हत न्हाई. माय आल्यापासून आत्ता कुठं पोटभर जेवायलीय."

मी सांगणारच होतो. दुसऱ्याच दिवशी धीर करून ओट्यावर गेलो आणि "मामी, त्या लाकडांचं," एवढं म्हटलं. "वाळवीचं म्हणायलाव ना?" त्या म्हणाल्या. "म्या रोज बघते. तुमी घोर लावून घेऊ नका." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. माझ्या डोक्यावर केस नाहीत. एवढ्या मोकळ्या जागेवरून कुणी मायेने हात फिरवला तर माणूस काय बोलणार?

त्यानंतर परिस्थिती बिघडत गेली. मामी रोज ढिगाला फेरी मारायच्या. एका बाजूचीच लाकडं वाळतात म्हणून त्यांनी मला सगळा ढीग उलटा रचायला लावला, आणि माझ्या कमरेत उसण भरली. धुणंवालीने चुलीला एक फाटा मागितला तर तिला त्यांनी असं काही सुनावलं की ती दोन दिवस आलीच नाही, आणि तिच्या वाटची धुणी मला आपटावी लागली. इकडे थंडी पडली. पेपरात परभणीचं नाव आलं. ज्या दिवसासाठी मी फायरप्लेस बांधली होती तो दिवस आला, आणि मी कानाला मफलर बांधून, दोन स्वेटर घालून त्या रिकाम्या कोनाड्यासमोर बसलो होतो. जुन्या सहकाऱ्यांना मी विस्तवासमोर हुरडा खायला बोलावून ठेवलं होतं. त्यांना फोन करून माझी तब्येत बरी नाही असं सांगितलं. भगवानराव रोज कठड्यावरून ओरडायचे, "सर, पेटवा की आता." मी म्हणायचो, लाकडं अजून ओली आहेत. एकदा त्यांनी काठीने लाकूड वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "टणटण वाजायलंय की वो." मी ऐकू न आल्यासारखं केलं. अशा वेळी त्यांच्याच आवाजाचा दोष देता येतो.

आणि एका रविवारी सकाळी चारठाण्याहून नागनाथ आला. ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत चिंचेची तोडलेली लाकडं होती आणि लाकडांवर धोतर-टोपीतले दोन चुलते बसले होते.

आता कॉलनीच्या बाजूने विचार करा. एका घरापुढे आधीच लाकडं रचलेली. आत एक म्हातारी. आता दुसरा ट्रॅक्टर, त्यातून उतरलेली गावाकडची माणसं, आणि त्यांचे पडलेले चेहरे. लोकांचं काय चुकलं? बघता बघता गल्लीतली माणसं खांद्यावर टॉवेल टाकून जमायला लागली. बायका पदर घेऊन सविताकडे निघाल्या. भगवानरावांनी मला मिठी मारली आणि "कधी झालं?" असं त्यांच्या मते हळू विचारलं. सिद्धोधन मोबाईल हातात घेऊन म्हणाले, "सर, मी गाडीचं बोलून घेतो, तुमी फक्त दाखल्यावरचं नाव सांगा." कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं यायला लागली होती.

इतक्यात मामी बशीत चहा घेऊन बाहेर आल्या. "एवढी माणसं कशाला आलीत?" त्यांनी विचारलं.

दोघातिघांनी खांद्यावरचे टॉवेल काढून गळ्याभोवती गुंडाळले आणि थंडीचं निमित्त केलं.

नागनाथ मात्र थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "दाजी, आमी काय मेलाव का? माझ्या मायला लाकडं घालायला मी खंबीर हाय. पारावर बसायची सोय ठिवली न्हाई तुमी. लोक इचारायलेत, नागनाथ, तुझ्या मायला जावयाची लाकडं लागणार व्हय रं? ही बघा, चिंचेची आणलीत. तुमच्या बाभळीहून चांगली. तुमची काढा, माझी हितं रचायची."

मामी माझा ढीग आणि नागनाथची ट्रॉली यांच्या मध्ये उभ्या होत्या. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या लाजल्यासारख्या हसत होत्या. ज्या बाईच्या लाकडांची कुणाला किंमत नव्हती, तिच्यासाठी आज मुलगा आणि जावई चारचौघांत भांडत होते. तिथे मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? नुसती मान खाली घालायची होती. नाक्यावर मला ती घालता आली होती.

पण नागनाथ पुढे म्हणाला, "मास्तरकी करून पेन्शन खायची आन् आमच्या मायच्या नावावर गावात शायनिंग मारायची. एवढी इज्जत पाहिजे व्हती तर सांगायचं."

भगवानराव ऐकत होते. सिद्धोधन ऐकत होते. सगळी कॉलनी ऐकत होती. माझं डोकं फिरलं आणि मी वर्गातल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं बोललो.

"अरे, तुझ्या आईसाठी कोण आणतंय लाकडं? मला शेकायला आणलीत. आत फायरप्लेस बांधलीय मी. बघ जाऊन."

मग नागनाथ हसला. मोठ्याने, सुटल्यासारखा. चुलते हसले. लोक फायरप्लेस बघायला आत गेले. बाहेर चपला काढून, एकामागे एक, कोनाड्यासमोर दोन क्षण थांबून दुसऱ्या दाराने बाहेर. एकाने सवयीने नमस्कारही केला.

मी मामींकडे बघितलं. त्यांच्या हातात बशी तशीच होती. "व्हय का," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

नागनाथ ट्रॉलीकडे वळला. "मंग झालं तर. मी उगंच एवढा धावत आलो. आता माझी तरी कशाला उतरवायची? घरी लागतील." त्याने चुलत्यांना परत वर बसायला सांगितलं.

"च्या तर घेऊन जा रं," मामी म्हणाल्या.

तो चहा प्यायला, आईच्या पाया पडला आणि लाकडं घेऊन गेला. पाच मिनिटांपूर्वी त्या बाईच्या नावावर दोन ढीग होते. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण माझ्या पायाखाली फक्त बाभळीची सालं होती.

लोक पांगल्यावर मी मामींजवळ गेलो. "मामी, ती लाकडं तुमचीच आहेत. मी हात लावणार नाही."

"न्हाई वो," त्या म्हणाल्या. "शेकायला आणलीत तर शेकायलाच लावावीत. मनाला लावून घेऊ नका. थंडी लय पडलीय, आज पेटवाच." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

संध्याकाळी मी फायरप्लेस पेटवली. ती पेटू नये अशी माझी फार इच्छा होती, पण मामींनी निगुतीने वाळवलेली लाकडं एका काडीत पेटली. आधी थोडा धूर घरात आला. भगवानरावांनी खिडकीतून "वरचं झाकण उघडा" असं सांगितलं आणि ते बरोबर निघालं. मामी सगळ्यात पुढे, जमिनीवर बसल्या. दोन्ही हात विस्तवाकडे धरले. "बरं वाटायलंय," त्या म्हणाल्या, आणि मला दिसत होतं की त्यांना खरंच बरं वाटत होतं. मी खुर्चीत पाय पसरून बसायचं म्हणून ही सगळी मांडणी केली होती. मला पाय पसरवेनात.

झोपायला जाताना त्या विस्तवाशेजारच्या लाकडांच्या टोपलीपाशी थांबल्या. आतल्या लाकडांतलं एक जाडसं, सरळ लाकूड त्यांनी उचललं, पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, एवढं एक मला ठिवते. चालंल ना?"

चालेल, मी म्हटलं.

ते लाकूड त्यांच्या खाटेखाली आहे, त्यांच्या कपड्यांच्या पिशवीशेजारी. बाहेरचा ढीग आता निम्म्यावर आला. सविता सकाळी झाडायला जाते तेव्हा ते लाकूड उचलून बाजूला ठेवते, खालचं झाडून घेते आणि परत होतं तिथे ठेवते. मी तेव्हा पेपर वाचत असतो.